सीबे नव्हे, सफरचंद

आमच्या म्हैसूरमधल्या बोगादीच्या घरात हॉलच्या भिंतीवर एक चित्र होतं. खरं तर चित्राची छापील प्रत. एका आयरिश चित्रकर्तीने गेल्या शतकाच्या सुरुवातीला काढलेली फळं. चुरगळलेलं पांढरं कापड, त्यावर निळसर ताटली, ताटलीत तीन फळं आणि कापडावर घरंगळलेली दोन. रंग हिरवट पिवळा, आणि प्रत्येक फळाला जाड, गडद निळी कड. मी ज्या मुलींच्या शाळेत चित्रकला शिकवायचो तिथल्या मुख्याध्यापिका एक आयरिश नन होत्या. म्हातारपणी त्या कायमच्या मायदेशी निघाल्या तेव्हा त्यांनी ही प्रत माझ्या हातात ठेवली. आमच्याकडेही चित्रकार झाले बरं का, असं त्या हसत म्हणाल्या होत्या.

ती फळं म्हणजे सफरचंदं, हे मी पहिल्याच दिवशी ठरवून टाकलं. त्यांनी तसं सांगितलं नव्हतं आणि चित्राखालीही नुसतं 'फळं' एवढंच छापलं होतं. पण आयर्लंडच्या थंडीत दुसरं काय पिकणार, असा माझा हिशेब. पुढे सत्तावीस वर्षं मी ती प्रत वर्गात नेऊन फळ्याला टेकवून शिकवलं. पॅरिसमध्ये जाऊन शिकलेल्या या बाईची शैली उत्तर-दृक्प्रत्ययवादी आहे, असं मी सांगायचो. पोस्ट-इम्प्रेशनिस्टसाठी हा शब्द मी एका मराठी पुस्तकातून उचलला होता, आणि कन्नड मुलींसमोर तो उच्चारताना मला उगाचच मोठं झाल्यासारखं वाटायचं. मुलींना त्यातलं एक अक्षर कळत नसे. मात्र एक गोष्ट मी त्यांच्याकडून घोकून घेतली होती. जे माहीत आहे ते काढू नका, जे दिसतं ते काढा.

हे मी किती वेळा म्हटलं असेन याची मोजदाद नाही. आता आठवलं की अंगाची लाही होते.

आमचं घराणं शिंप्यांचं, विठ्ठलाचं. कधी आणि कुठून म्हैसूरला आलो ते आमच्यातल्या कोणालाच नीट सांगता येत नाही. भाषावार राज्यं झाली तेव्हा मी शाळेत होतो. मशीनवर बसलेले वडील तेव्हा म्हणाले की राज्य कुणाचंही असो, घरात मराठी राहील. राहिली खरी, पण कशी? निम्मी कन्नड. आम्ही जेवणाला ऊट म्हणायचो, आमटीला सारू, आणि पुरे म्हणायचं असेल तर साकु. त्यात काही कमी आहे हे मला विशीपर्यंत ठाऊकही नव्हतं. मग एका लग्नात पुण्याहून आलेल्या पाहुण्यांनी माझी दोन वाक्यं ऐकली आणि एकमेकांकडे बघून ओठ दाबले. बस, तेवढंच. पण मला ते असं झोंबलं की मी टपालाने मराठी पुस्तकं आणि मासिकं मागवायला लागलो, शब्दकोश घेतला, आणि दोन वर्षांत असं मराठी बोलायला लागलो की माझी आईच मला म्हणाली, तू घरातलाच ना रे?

बायको जवळच्या बन्नूरची. तिच्या वडिलांचं तिथे बसस्टँडजवळ शिवणकामाचं दुकान होतं. ती बोलायला लागली की थांबायची नाही. मोलकरणीशी, भाजीवालीशी, कुंडीतल्या रोपांशी, रेडिओशी सुद्धा. आणि सगळं त्या खिचडी भाषेत. "अहो, ऊट तयार आहे, बेगा या. आमेले सारू थंड झालं म्हणून तोंड फुगवू नका, अल्वा?" असं ती स्वयंपाकघरातून ओरडायची, आणि मी हॉलमधून उत्तर द्यायचो की जेवण तयार आहे असं म्हण, लवकर या असं म्हण, आमेले नव्हे, नंतर म्हण. ती हसायची. जेवण म्हटलं तर पोट जास्त भरतं का, असं विचारायची. लग्नानंतर चाळीस वर्षं मी तिला सुधारत राहिलो आणि तिने ते एकदाही मनावर घेतलं नाही. मला वाटायचं हा आमचा खेळ आहे. तिलाही तसंच वाटत होतं की नाही, हे आता विचारायची सोय उरली नाही.

निवृत्तीनंतर चौथ्या वर्षी एका सकाळी ती कोथिंबीर निवडत असताना तिच्या उजव्या हातातून जुडी पडली. ती उचलायला गेली आणि हात तिथेच राहिला. मी काय झालं म्हणून विचारलं, तर तिने माझ्याकडे बघून तोंड उघडलं आणि नुसता वारा बाहेर आला. दवाखान्यात अकरा दिवस काढले. मेंदूच्या डाव्या बाजूला रक्ताची गाठ. पाय परत आला, हात थोडा आला, बोलणं आलं नाही. तिला सगळं कळायचं. मी विनोद केला तर डोळ्यांनी हसायची. फक्त शब्द सापडायचे नाहीत. तोंड उघडायची, शोधायची, आणि मग डोळे भरून यायचे. घरात इतकी शांतता मी कधी ऐकली नव्हती. फ्रिजचा आवाज ऐकू यायला लागला.

म्हैसूरमध्येच हेब्बाळला कंपनीत नोकरी करणाऱ्या आमच्या मुलीने एका स्पीच थेरपिस्टची चौकशी काढली. घरापासून रिक्षाने दहा मिनिटं. तिशीतली कन्नड मुलगी, शांत, हळू बोलणारी. तिने आधीच सांगून टाकलं की सुरुवातीचे महिने महत्त्वाचे, या काळात जेवढं येईल तेवढं येईल, पुढे अवघड होत जातं. मग घरी कोणती भाषा बोलता म्हणून विचारलं. मी ठणकावून सांगितलं, मराठी. ती म्हणाली, मला मराठी येत नाही सर, तेव्हा घरचा सराव तुम्हीच घ्या. रोज एखादं चित्र समोर ठेवा आणि हे काय म्हणून विचारा. त्या जे म्हणतील ते घ्या. कोणत्याही भाषेतलं असो, अर्धं असो, चुकीचं असो. फक्त त्यांना सुधारू नका. हे शेवटचं तिने दोनदा सांगितलं.

मी मान हलवली. चाळीस वर्षं मास्तरकी केलेल्या माणसाला एक पोरगी शिकवायला निघाली आहे, असं मनात म्हणालो.

त्या दिवशी घरी येताना रिक्षात मला एक विचार सुचला, आणि मी तो इथे लिहिणार आहे, कारण तो लपवला तर हे सगळं लिहिण्यात काही अर्थ नाही. मला वाटलं, पाटी कोरी झाली आहे. आता हिला सगळे शब्द नव्याने शिकवायचेच आहेत, तर शुद्ध का शिकवू नयेत? ऊट कशाला, जेवण शिकवू. साकु कशाला, पुरे शिकवू. मला त्या विचाराने चक्क उत्साह आला होता. बायको शेजारी हात मांडीवर ठेवून बाहेर बघत बसली होती, आणि मी मनात धड्यांची यादी करत होतो.

भिंतीवरचं चित्र मी उतरवून खुर्चीवर ठेवलं, तिला समोर बसवलं आणि हातात जुनी पट्टी घेतली. पहिला शब्द सफरचंद. आज कुणालाही विचारा, ज्या बाईला पाणी म्हणता येत नाही तिच्यासमोर असा लांबलचक शब्द कोण ठेवेल? मी ठेवला. पट्टीने फळ दाखवायचो आणि म्हणायचो, म्हण, सफरचंद. तिला जन्मात कधी तो शब्द लागला नव्हता. आमच्याकडे सगळे ॲपलच म्हणतात, फार तर कन्नडमध्ये सेबु. ती माझ्या ओठांकडे बघायची, स्वतःचे ओठ तसे करायची, आणि एक 'स' बाहेर यायचा. स, स, स. मग थांबायचं. मी म्हणायचो, चुकलं, परत. परत तेच व्हायचं, आणि मी परत चुकलं म्हणायचो.

रोज सकाळी एक तास आणि दुपारी चहाआधी एक तास. असे चार महिने गेले. सुरुवातीचे महिने संपत चालले आहेत हे मला दिसत होतं, आणि जसजसे ते संपत गेले तसतसा माझा आवाज चढत गेला. एकदा मी पट्टी टेबलावर इतक्या जोरात आपटली की ती दचकून रडायला लागली. मग मीही रडलो. तिचा हात धरून बसलो, आणि अर्ध्या तासाने परत पट्टी उचलली. थांबलो तर ती कायमची मुकी राहील, या भीतीने मला पछाडलं होतं. मुलीला फोनवर मी प्रगती आहे म्हणून सांगायचो. आमच्या समाजाच्या विठ्ठलाच्या देवळातल्या बायका भेटायला आल्या की त्यांना लवकर काढून द्यायचो, सरावाची वेळ झाली म्हणून. त्या बायका तिच्याशी तिच्या भाषेत भरभर बोलायच्या, आणि मला वाटायचं माझी मेहनत वाया जाते आहे.

मग ती दुपार आली. मी पट्टी उचलायच्या आधीच तिने आपला डावा हात पुढे केला, कापडावर घरंगळलेल्या एका फळावर बोट ठेवलं आणि म्हणाली, "सीबे."

स्पष्ट म्हणाली. सकाळी उठून चहा मागावा इतक्या सहज. शेजारच्या घरात बोलल्यासारखा तो आवाज मला आला, कारण चार महिने मी तो ऐकलाच नव्हता. तिचं तिलाही आश्चर्य वाटलं असावं. भुवया वर गेल्या आणि चेहरा उजळला.

मी काय केलं? मला ऐकू आलं ते असं. तिला सफरचंद म्हणायचं होतं, ते न जमल्याने ती कन्नड सेबुकडे वळली, आणि सेबुही धड जमला नाही, त्याचं सीबे झालं. एका शब्दात दोन चुका. मी म्हणालो, "सीबे नव्हे. सेबुही नव्हे. सफरचंद. चुकलं, परत म्हण."

तिने माझ्याकडे बघितलं, मग चित्राकडे. बोट त्याच फळावर दाबून, मला नीट समजावं अशा बेताने, ती पुन्हा म्हणाली, "सीबे."

"चुकलं," मी म्हणालो.

तिने हात मागे घेतला आणि ओठ मिटले. दुसऱ्या दिवशी खुर्चीवर बसवलं तर तिने मान भिंतीकडे फिरवली. तिसऱ्या दिवशीही तसंच. मी समजावलं, रागावलो, हाता-पाया पडलो. 'स' सुद्धा आला नाही.

पुढच्या आठवड्यात मी थेरपिस्टकडे तक्रार घेऊन गेलो. तक्रारच म्हणायची ती. एवढ्या मेहनतीनंतर ही चुकीचाच शब्द म्हणते आणि वर रुसून बसते, असं मी सांगितलं. ती लिहीत होती, थांबली, पेन खाली ठेवलं.

"मोदलने मातु बंतु, नीवु तप्पु अंद्रा सर?" पहिला शब्द आला आणि तुम्ही चूक म्हणालात? तिच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर मला बरं वाटलं असतं.

मी पिशवीतून ती प्रत काढून तिच्यापुढे ठेवली. तिने चित्र जवळ ओढलं, क्षणभर बघितलं आणि म्हणाली, इदु सीबे हण्णु अल्वा? म्हणजे, हे पेरूच ना? आमच्या म्हैसूरकडे पेरूला सीबे म्हणतात. हे मला लहानपणापासून माहीत होतं. सेबु म्हणजे सफरचंद आणि सीबे म्हणजे पेरू, हे इथल्या दोन वर्षांच्या पोराला कळतं. पण माझ्या डोक्यात त्या दुपारी पेरू आलाच नाही, कारण त्या ताटलीत सफरचंदं आहेत हे मला तीस वर्षांहून जास्त काळ माहीत होतं.

मी तिला समजावायला लागलो की चित्रकर्ती आयर्लंडची, तिकडे पेरू होत नाहीत. ती ऐकून घेत राहिली. मग म्हणाली, "अवरु ऐर्लंडिगे होगिल्वल्ला सर." त्या आयर्लंडला गेलेल्या नाहीत ना.

मी चित्राकडे बघितलं. हिरवट पिवळा रंग, देठाकडे जरा निमुळता, अंगावर खडबडीत फटकारे. पेरू. बन्नूरला तिच्या माहेरी मागच्या अंगणात दोन झाडं होती, त्यांचे असेच, मीठ लावून खायचे. माझ्या बायकोने जे दिसलं ते सांगितलं होतं. नुसता शब्द आला नव्हता, बरोबर शब्द आला होता. चित्र माझ्या घरात आलं त्या दिवसापासून मी तिला एकदाही विचारलं नव्हतं की तुला यात काय दिसतं. ती ते पुसायची, तिरकं झालं तर सरळ करायची, आणि मी पाहुण्यांना शैली सांगायचो.

त्या दिवशी घरी न जाता मी आधी मार्केटात गेलो. पेरू घेतले, मोठे, पिकायला आलेले. घरी येऊन कापले, मीठ-तिखट लावलं आणि तिच्यापुढे ठेवून म्हणालो, सीबे. बघ, सीबे. तू म्हणाली होतीस ते बरोबर होतं. म्हण ना, सीबे. एक फोड तिने खाल्ली. तिखट लागलं म्हणून डोळे मिचकावले. बोलली नाही. मी रोज पेरू आणायला लागलो. जेवायला ऊट म्हणायला लागलो, सारू म्हणायला लागलो, साकु, बेगा, आमेले, उगाचला सुम्ने, चाळीस वर्षं खोडलेले सगळे शब्द तिच्यापुढे ओतत राहिलो. देवळातल्या बायकांना मीच बोलावून आणलं, तुम्ही बोला हिच्याशी, जसं बोलता तसं बोला. माझ्या तोंडून ते शब्द आले की ती माझ्याकडे अशी बघायची जणू मी तिची नक्कल करतो आहे. चित्र मी गुंडाळून कपाटावर टाकलं. थेरपिस्ट येत राहा म्हणाली, आम्ही जात राहिलो. सुरुवातीचे महिने मात्र संपले होते.

वर्ष होत आलं तेव्हा एका सकाळी मी तिला चहा देत होतो. कप तोंडाला लावला आणि ती म्हणाली, "चुकलं."

मी कप मागे घेतला. काय चुकलं? साखर? मी चाखून बघितलं, बरोबर होती. ती परत म्हणाली, चुकलं. अगदी स्वच्छ, शेवटच्या अनुस्वारासकट. मी धावत जाऊन मुलीला फोन केला, आई बोलली म्हणून. ती सुट्टी टाकून स्कूटरवर आली आणि दारातच तिने आईला मिठी मारली. आईने तिच्या केसांवरून हात फिरवला आणि लाडाने म्हणाली, चुकलं, चुकलं. तेव्हा आमच्या दोघांच्याही लक्षात आलं.

थेरपिस्टने पुढे समजावून सांगितलं. असं होतं कधी कधी. एखादाच शब्द परत येतो आणि बाकी सगळ्यांच्या जागी तोच बसतो. त्या माणसाला वाटतं आपण वेगवेगळं बोलतो आहोत, बाहेर तेवढाच पडतो. बऱ्याचदा तो असंख्य वेळा ऐकलेला शब्द असतो. या शब्दाचा अर्थ काय सर, असं तिने विचारलं, तिला मराठी येत नव्हती. मी सांगितला. तिने तो लिहून घेतला.

याला आता सहा वर्षं झाली. दुसरा शब्द आला नाही. कुंड्यांपाशी बसून ती चुकलं म्हणते, ते मायेने असतं. भाजीवाली महाग देते तेव्हा चुकलं म्हणते, ते भांडण असतं. मुलगी निघाली की दारात उभी राहून म्हणते, ते सांभाळून जा असं असावं. सूर सगळे तिचे, जुने, बन्नूरचे. शब्द तेवढा माझा. शुद्ध मराठी.

आतल्या खोलीतून ती हाक मारते, चुकलं. मी उठून तिच्यापाशी जातो आणि म्हणतो, हो, माझं चुकलं. रोज म्हणतो, मनापासून म्हणतो. ती मान हलवते आणि पुन्हा तेच म्हणते, जरा मोठ्याने. तिला माझी माफी नको असते. पाणी हवं असतं, की चादर, की खिडकी उघडून हवी असते, आणि ते मला कळेपर्यंत मी एकेक वस्तू उचलून तिला दाखवत राहतो.